दुसरा शॉकअप सोडा, चाक धरून हलवा: खान्देशात कमी पैशांत माउंटन बाइक घेताना

दहावीचा निकाल लागला की माझा फोन वाजायला लागतो, आणि दिवाळीच्या आधी पुन्हा एकदा. "काका, पोराला गेअरची सायकल घ्यायची, पंधरापर्यंत. कोणती घेऊ?" मी एसटीच्या आगारात मेकॅनिक होतो. चाकाला प्ले (ढिलेपणा) किती आहे, बेअरिंग कुठं ओरडतंय, ब्रेक कशानं तापला, हे हातानं आणि कानानं ओळखण्यातच नोकरी गेली. आता चोपड्याहून उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्यानं सायकल फिरवतो. उनपदेव, मनुदेवी, थंडीत कधी पालपर्यंत. त्यामुळे कुणाला सायकल घ्यायची झाली की मला दुकानात सोबत नेतात.

फोनवर सगळ्यांना कंपनीचं नाव हवं असतं. मी नाव सांगत नाही, कारण एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, आणि वेगवेगळ्या कंपन्यांच्या सायकलींवर बऱ्याचदा तेच गेअर, तेच ब्रेक असतात. कमी किमतीच्या सायकलीत कारखान्याला कुठंतरी हात आखडता घ्यावाच लागतो. तो रंगात, स्टिकरात, शॉकअपमध्ये आखडत नाहीत, कारण गिऱ्हाईक तेच बघतं. आखडतात तो आतल्या भागात: चाकाच्या मधल्या हबमधले बेअरिंगचे छर्रे, रिमचा पत्रा, एक्सल, आणि पायडलचा कणा जिथं फिरतो तो बॉटम ब्रॅकेट. म्हणून सायकल निवडताना जे फिरतं आणि जे थांबवतं त्यात पैसा गेलाय का, एवढंच बघायचं. जे नुसतं उसळतं त्यात गेला असेल तर ती सायकल दुकानातच राहू द्यायची.

आधी आपली जमीन बघा

तापीच्या दोन्ही अंगांना खोल काळी माती. एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ पर्यंत जातो. शेतरस्त्यावर बाभळीचे काटे, सराटे, आणि कपाशी काढली की जमिनीत उरलेली पऱ्हाटीची टोकदार खुंटं. उत्तरेला सातपुड्यात मुरमाचे आणि दगडगोट्यांचे जंगलरस्ते, दक्षिणेला चाळीसगावकडे पाटणादेवी, गौताळ्याचा डोंगर. आणि सगळ्यात महत्त्वाचं: आपल्या तालुक्याच्या गावातला सायकलवाला हाताचा पक्का असतो, पण त्याच्याकडे सामान साधं असतं. छर्रे, ग्रीस, चाकाच्या तारा, केबल, २६ ची ट्यूब त्याच्याकडे मिळेल. गेअरचा खास भाग लागला तर जळगाव किंवा धुळे गाठा, तिथंही नसला तर नाशिक. त्यामुळे जिचा भाग बिघडला तर गावातच दुरुस्त होईल, ती आपल्यासाठी स्वस्त. बिलावरचा आकडा नंतर.

हेही स्पष्ट सांगतो की या किमतीतली सायकल उड्या मारायला नसते. टीव्हीवर दगडावरून दगडावर झेपावणारी पोरं दिसतात त्यांच्या सायकलींची किंमत लाखांत असते. आपली सायकल खराब रस्ता, शेतवाट, घाट आणि जंगलातला कच्चा रस्ता यांसाठी. तेवढं ती वर्षानुवर्षं नीट करते, जर नीट निवडली असेल तर.

पैशांचा अंदाज असा धरा. १०,००० च्या आत गेअर, डिस्क ब्रेक आणि दोन शॉकअप असं सगळं देणारी सायकल घेऊ नका. एवढेच पैसे असतील तर नावाजलेल्या भारतीय कंपनीची साधी, बिनगेअरची, जाड टायरची स्टीलची सायकल घ्या. ती जास्त टिकेल. १२,००० ते १८,००० मध्ये बघायला गेलं तर कामाची सायकल मिळते. २०,००० ते २५,००० मध्ये चांगली मिळते, आणि पाच हजार वाढवण्याची ऐपत असेल तर मी वाढवा असंच म्हणतो, कारण याच टप्प्यावर मागचं हब बदलतं. ते का महत्त्वाचं, ते खाली येतंच. एक लक्षात असू द्या: २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. जुन्या स्टिकरवरची किंमत दाखवली तर पक्कं बिल मागा आणि त्यावर कराचा दर वाचा.

मागचा शॉकअप

अमळनेरचा माझा भाचा दुकानात शिरल्या शिरल्या एका लाल सायकलीपाशी गेला. "मामा, हिले दोन शॉकप शेतस!" किंमत बारा हजारांच्या आतली, वर डिस्क, वर एकवीस गेअर. मी त्याला म्हटलं, बस. स्टँडवर नाही, खाली उतरवून बस आणि जोरात पायडल मार. प्रत्येक पायडलला सीट खाली-वर होत होती. पायाचा जो जोर चाकाकडे जायला हवा तो स्प्रिंग दाबण्यात जात होता. मग मी फ्रेम एका हातानं धरली आणि दुसऱ्या हातानं मागचं चाक आडवं हलवलं. चाक डावी-उजवीकडे डुगडुगलं, आणि ते हबमधून नाही, मागचा सांगाडा जिथं जोडला होता त्या खिळीतून. नव्या सायकलीत! या खिळीत स्वस्त सायकलींना बहुतेक प्लॅस्टिकचे बुश असतात. आपल्या धुळीत ते लवकर झिजतात, मिळत नाहीत, आणि मग मागचं चाक वळणावर स्वतःच्या मनानं चालतं. अशी सायकल वजनाला १७-१८ किलोच्या घरात जाते. लासूरच्या पुढचा चढ तिनं चढून बघा.

चांगला मागचा शॉकअप महाग असतो. तो या पैशांत बसत नाही, म्हणून जो बसवलेला दिसतो तो शोभेचा असतो. मागं सरळ, टणक फ्रेम असलेलीच घ्या. याला अपवाद नाही.

पुढच्या फोर्कचं, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याचं, मात्र तसं नाही. तिथं साधा स्प्रिंगचा शॉकअप चालेल, ८० ते १०० मिलिमीटर दबणारा. पुढचा ब्रेक घट्ट धरा आणि हँडलवर अंग टाकून दोन-तीनदा दाबा. सरळ दबून सरळ वर यायला हवा. वर येताना 'टक्' असा धातूवर धातू आपटल्याचा आवाज आला, किंवा दबताना अडखळला, तर दुसरी बघा. ब्रेक धरूनच सायकल पुढे-मागे ढकला आणि फोर्कच्या दोन नळ्या जिथं एकमेकींत जातात तिथं बोट ठेवा. तिथं खुळखुळ जाणवली तर आत बुश सैल आहे. वरचं गोल बटण फिरवलं की शॉकअप लॉक होत असेल तर उत्तम. डांबरी रस्त्यावर आणि चढाला लॉक करून चालवता येतं. काही सायकलींना तेच बटण नुसतं स्प्रिंग घट्ट करतं, लॉक करत नाही. दुकानदाराला विचारण्यापेक्षा फिरवून, दाबून बघा.

आणि शॉकअप नसलेला साधा फोर्क दिसला तर नाक मुरडू नका. त्याच पैशांत रिम, ब्रेक, गेअर वरच्या दर्जाचे मिळतात आणि सायकल एक-दीड किलोनं हलकी होते. जाड टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवली की बराचसा धक्का टायरच खातो. रोज गावातून कॉलेजला जाणाऱ्या मुलासाठी मी हीच निवडीन.

चाक: इथं वेळ काढा

दुकानात जेवढा वेळ सायकलभोवती घालवाल त्याचा अर्धा चाकांना द्या.

पुढचं चाक उचला आणि फिरवा. ब्रेक लागत नसताना ते बराच वेळ, आवाज न करता फिरायला हवं. फिरत असताना दुसरा हात फोर्कवर ठेवा. बारीक खरखर हाताला लागली तर छर्रे कोरडे आहेत किंवा कोन (छर्ऱ्यांना धरणारा निमुळता नट) फार आवळून बसवलाय. मग चाक वरच्या टोकाला धरून आडवं हलवा. जरा जरी टकटक झाली तर कोन सैल. हा दोष नव्या स्वस्त सायकलीत सर्रास असतो आणि तो दहा मिनिटांत सुटतो, पण तो तुम्ही दुकानातच सोडवून घ्यायचा. तसंच चालवत राहिलं तर कोनाला खड्डे पडतात आणि हब कायमचं जातं. बसच्या चाकालाही हाच नियम: बेअरिंग सैल असो की आवळलेलं, दोन्ही मारतात.

रिम ॲल्युमिनियमची आणि दुहेरी भिंतीची हवी. ओळखायचं कसं? टायर काढलेलं चाक मागा, किंवा व्हॉल्व्हच्या भोकातून बघा. आत दुसरा पत्रा आणि मध्ये पोकळी दिसली तर दुहेरी. एकेरी रिम पहिल्याच मोठ्या खड्ड्यात चेपते आणि मग तिचा आऊट (वाकडेपणा) कितीही काढा, परत परत येतो. स्टीलच्या चमकत्या रिमवर रबरी ब्रेक पावसात धरत नाही, म्हणून ती नकोच. मग तारा. शेजारशेजारच्या दोन तारा एकत्र चिमटीत दाबत चाकभर फिरा. सगळ्यांचा ताण सारखा लागला पाहिजे. एखादी सैल असेल तर तिथूनच चाक वाकडं व्हायला सुरुवात होणार.

आता मागचं हब. कमी किमतीच्या सायकलीत मागचे दाते, म्हणजे दातेरी चकत्यांचा जुडगा, हबवर आटे पाडून बसवलेले असतात, त्याला फ्रीव्हील म्हणतात. यात उजवीकडचं बेअरिंग दात्यांच्या आतल्या बाजूला राहतं आणि एक्सलचा बाहेरचा भाग निराधार सुटतो. जड माणूस, कॅरिअरवर पोतं आणि खड्डा हे तिन्ही एकत्र आले की एक्सल तिथंच वाकतो. दुसऱ्या प्रकारात, कॅसेटमध्ये, बेअरिंग थेट टोकाजवळ असतं, म्हणून तो एक्सल सहसा वाकत नाही. ओळखायची खूण सोपी आहे. दाते हातानं उलटे फिरवा आणि मधोमध पाना बसायची खाचांची चकती बघा. ती दात्यांबरोबर फिरली तर कॅसेट, दाते फिरले पण ती जागीच राहिली तर फ्रीव्हील. मागे ६ किंवा ७ चकत्या म्हटलं की जवळजवळ नेहमी फ्रीव्हीलच असतं, ८ किंवा जास्त असतील तर बहुधा कॅसेट. तुमचं वजन ७५ किलोच्या वर असेल किंवा मागे ओझं न्यायचं असेल, तर कॅसेटसाठी जास्तीचे पैसे मोजाच. सडपातळ पोरानं शाळेला न्यायची असेल तर फ्रीव्हील पुरतं, आणि ते गावात बदलूनही मिळतं.

चाकाचा आकार २६, २७.५ की २९? याची चर्चा गरजेपेक्षा फार होते. २९ चं मोठं चाक खड्डा सहज ओलांडतं, २६ चं हलकं आणि चपळ. उंची साडेपाच फुटांपर्यंत असेल तर २६ किंवा २७.५ बसतं. माझ्या दृष्टीनं खरा प्रश्न ट्यूबचा. २६ ची ट्यूब गावागावात मिळते, २७.५ ची तालुक्याला मिळते पण नेहमी नाही. मोठं चाक घ्यायचं तर दोन ट्यूब सायकलीबरोबरच घेऊन ठेवा. टायर बदलताना इंचांवर विसंबू नका, टायरच्या बाजूला छापलेला दुसरा आकडा वाचा, जसं ५०-५५९ किंवा ५४-५८४. पहिला आकडा टायरची जाडी, दुसरा रिमचा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. ५५९ म्हणजे २६ चं, ५८४ म्हणजे २७.५ चं आणि ६२२ म्हणजे २९ चं चाक. हा आकडा फोनवर सांगितला तर दुकानदार चुकीचं टायर पाठवू शकत नाही.

व्हॉल्व्ह मोटरसायकलसारखा जाड हवा. मग हवा कुठल्याही पंक्चरवाल्याकडे, पेट्रोल पंपावर भरता येते. काट्यांसाठी टायर जाड रबराचं घ्या, हलक्याच्या मागे लागू नका. पंक्चर काढल्यावर टायरच्या आतून फडकं फिरवा. सराट्याचं टोक आत मोडून राहिलं असेल तर फडकं अडकेल. ते काढलं नाही तर नवी ट्यूबही अर्ध्या तासात बसेल.

चिखलाचं एक. टायर आणि फ्रेम यांच्यात दोन्ही बाजूंनी बोट सहज जाईल एवढी जागा आहे का ते बघा. पहिल्या पावसानंतर काळी माती टायरला लिंपत जाते, मडगार्डखाली भरते आणि चाक फिरायचंच थांबतं. तशात जोर लावून पायडल मारलं की मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) तारांत ओढला जातो आणि मोडतो. रुंद टायर दिसायला भारी, पण जागा कमी असेल तर आपल्याकडे १.९५ ते २.१ इंचच बरा. आणि कपाशीच्या वावरातून पावसाळ्यात सायकल चालवायचीच नाही, खांद्यावर घ्यायची.

गेअर आणि ब्रेक

एकवीस गेअर हा आकडा विसरा. पुढचे तीन गुणिले मागचे सात, बस. तुम्हाला बघायचाय तो सगळ्यात हलका गेअर: पुढची सगळ्यात लहान चकती किती दात्यांची आणि मागची सगळ्यात मोठी किती. पुढे २४ आणि मागे ३४ असेल तर २७.५ च्या चाकावर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण दीड मीटर पुढे जाते. मागे २८ असेल तर तेच अंतर १.८५ मीटर होतं, म्हणजे तेवढाच जोर जास्त. सपाटीला फरक कळत नाही. तोरणमाळच्या सातपायरी घाटात मात्र कळतो. तिथं एक जण बसून चढतो, दुसरा उतरून ढकलतो. पुढे एकच ३८ ची चकती आणि मागे २८ असलेल्या सायकली हल्ली बऱ्याच दिसतात. शहादा-दोंडाईचा अशा सपाटीला त्या छान आहेत, डोंगराला नाहीत.

गेअरच्या नावांत शिमानोची टूर्नी ही सगळ्यात खालची पायरी, तिच्यावर अल्टस. मायक्रोशिफ्टही चांगलं काम करतं. टूर्नी वाईट नाही, या किमतीत ती असणारच. पण नाव नसलेला डिरेलर घेऊ नका. आणि काही सायकलींना मागचा डिरेलर नावाचा लावतात, पुढचा आणि शिफ्टर (हँडलवरचा गेअर बदलायचा खटका) बिननावाचे. तिन्ही वाचा. शिफ्टर अंगठ्यानं दाबायचा घ्या. मूठ पिळून बदलायचे स्वस्त शिफ्टर आतून प्लॅस्टिकचे असतात आणि आपल्या उन्हात लवकर तडकतात.

मागचा डिरेलर फ्रेमला ज्या छोट्या तुकड्यावर लटकतो, तो ॲल्युमिनियमच्या फ्रेमला वेगळा, स्क्रूनं बसवलेला हवा. सायकल पडली की तो वाकतो आणि फ्रेम वाचते. हे तुकडे शेकडो आकारांचे असतात, एका सायकलीचा दुसरीला बसत नाही. सायकल घेतानाच त्याच मॉडेलचा एक जादा मागून घ्या आणि सीटखाली बांधून ठेवा. दोन-तीनशे रुपयांच्या या तुकड्यासाठी लोकांच्या सायकली महिना महिना पडून राहिलेल्या मी पाहिल्यात.

ब्रेकचं म्हणाल तर माउंटन बाइकचा जन्मच उतारावरचा. कॅलिफोर्नियात मरिन काउंटीच्या डोंगरात काही तरुण जुन्या जाड टायरच्या सायकली उतारावरून पळवायचे. १९७६ पासून तिथं शर्यती सुरू झाल्या. मागच्या हबमधला ब्रेक उतारभर दाबून एवढा तापायचा की आतलं ग्रीस जळून जायचं आणि प्रत्येक फेरीनंतर हब उघडून पुन्हा ग्रीस भरावं लागायचं. म्हणून त्या रस्त्याला रीपॅक, म्हणजे 'पुन्हा भरा', हे नाव पडलं. घाटात बस चालवणाऱ्या कुणालाही हे पटेल. लांब उतारावर ब्रेक सतत दाबून धरायचा नाही, दाबायचा-सोडायचा.

आपल्या किमतीत तीन प्रकार मिळतात. रबराचे व्ही-ब्रेक, केबलची डिस्क, तेलाची डिस्क. चिखलात आणि रिमला थोडा आऊट आला तरी डिस्क काम करत राहते, हा तिचा खरा फायदा. पण बिननावाच्या डिस्कपेक्षा चांगला व्ही-ब्रेक केव्हाही बरा, त्याचं रबर आणि केबल गावात मिळते. नावाची, म्हणजे टेक्ट्रो किंवा शिमानोची, केबलची डिस्क १५,००० च्या पुढे मिळायला लागते, ती घ्या. तिच्यात बहुतेक एकच पॅड सरकतो आणि दुसरा जागेवर असतो, म्हणून जागेवरचा पॅड झिजला की मागचा स्क्रू थोडा आत घ्यावा लागतो. मेकॅनिककडून एकदा शिकून घ्या. तेलाची डिस्क बोटाच्या जोरावर थांबवते, लहान हाताच्या मुलीसाठी तर फारच सोयीची, पण पाइप फुटला तर तालुक्याला इलाज नाही. डिस्कला तेलकट हात लावायचा नाही आणि चेनला तेल देताना वरून फडकं धरायचं, एवढं पाळा.

फ्रेम, माप आणि दुकानातला दिवस

स्टील की ॲल्युमिनियम? आपली हवा कोरडी आहे, स्टील किनाऱ्यावरच्या गावांसारखं गंजत नाही. स्टीलची फ्रेम तडकली तर वेल्डिंगवाला जोडून देतो. ॲल्युमिनियम हलकं असतं, पण उष्णता देऊन कडक केलेलं असतं. रस्त्याकडेला जोडलं की तिथली ताकद जाते. त्यामुळे ॲल्युमिनियम घेताना फ्रेमची हमी लेखी घ्या, आणि हँडलखालचे जोड नखानं चाचपून बघा. कॅरिअर लावायचं असेल तर मागे त्यासाठी आट्यांची भोकं हवीत.

माप मात्र सगळ्यात आधी. वरची नळी दोन्ही पायांच्या मध्ये घेऊन, पाय जमिनीवर टेकवून उभं राहा. नळी आणि जांघ यांत किमान दोन इंच मोकळे हवेत. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवली की खालच्या टोकाला पाय सरळ झाला पाहिजे. त्यासाठी सीटची दांडी तिच्यावर कोरलेल्या रेषेच्या वर काढावी लागत असेल तर फ्रेम लहान आहे. साधारण ५ फूट ४ ते ५ फूट ८ उंचीला १७-१८ इंचांची फ्रेम बसते. "पोरगं वाढतं आहे, मोठीच द्या" हे मी रोज ऐकतो. कपड्यांचं ठीक आहे. सायकलीवर पाय टेकला नाही तर पोरगं पडतं, आणि पडलेलं पोरगं सायकल सोडून देतं.

सौदा ठरला की पैसे देण्याआधी एक अट घाला: दोन्ही हब, हँडलचा कप (हँडल जिथं फिरतं तिथलं बेअरिंग) आणि बॉटम ब्रॅकेट छर्ऱ्यांचे असतील तर उघडून त्यात ग्रीस भरून द्यायचं. कारखान्यातून या किमतीच्या सायकली जेमतेम ग्रीसवर येतात. साधं लिथियम ग्रीस चालतं. दुकानदार कुरकुर करेल. दोन-तीनशे मजुरी द्या, पण समोर बसून करून घ्या. माझ्या मते संपूर्ण खरेदीतला हा सगळ्यात फायद्याचा खर्च. चांगल्या ग्रीसवर चालणारं साधं हब, कोरड्या भारी हबला मागे टाकतं.

ऑनलाइन मागवली तर सायकल खोक्यात अर्धवट जोडलेली येते. घरी जोडू नका. दोन चुका मी वारंवार बघतो. पुढचा फोर्क उलटा बसवलेला असतो. डिस्कचा ब्रेक डाव्या हाताला आणि फोर्कच्या मागच्या अंगाला यायला हवा. दुसरी, पायडल जोर करून घुसवलेलं. उजव्या पायडलचा आटा नेहमीसारखा, डाव्याचा उलटा असतो. त्यांवर आर आणि एल कोरलेलं असतं. अदलाबदल करून पान्यानं आवळलं की क्रँकचे, म्हणजे पायडल धरणाऱ्या दांडीचे, आटे जातात. तीन-पाचशे देऊन मेकॅनिककडूनच जोडून घ्या.

जुनी सायकल घ्यायला हरकत नाही. मे-जूनमध्ये शिकायला आलेली पोरं गावाकडे परतताना विकतात तेव्हा पंधरा हजारांत पंचवीसची सायकल मिळू शकते. मूळ बिल आणि बॉटम ब्रॅकेटखालचा फ्रेम नंबर जुळवून बघा. जुळत नसेल तर निघून या. टायरच्या बाजूला उन्हानं बारीक भेगा असतील तर टायरचे पैसे किमतीतून वजा करा. मग चेन मोजा. चेनच्या दोन पिनांमधलं अंतर बरोबर अर्धा इंच असतं, म्हणजे २४ कड्यांचे १२ इंच. फूटपट्टीचा शून्य एका पिनेच्या मध्यावर धरा. चोविसावी पिन १२ च्या पुढे १/१६ इंच गेली असेल तर चेन बदलायची वेळ झाली, १/८ इंच गेली असेल तर मागचे दातेही झिजलेत, तो खर्च धरूनच बोला.

ठरलेल्या पैशांतले दीड-दोन हजार सायकलीवर खर्च करायचेच नाहीत. ते हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा, कुलूप, छोटा पंप, दोन ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या आणि ॲलन (षटकोनी) पान्यांचा जुडगा यांसाठी. केळीचे ट्रक रात्री या रस्त्यांनी सावदा-रावेरकडून सुसाट येतात, मागचा लाल दिवा लावल्याशिवाय अंधारात निघू नका.

पहिल्या महिन्यात नव्या केबल ताणतात आणि तारा बसतात, त्यामुळे गेअर खडखडायला लागले तर घाबरू नका. सायकल परत दुकानात न्या आणि चारच कामं सांगा: केबल आवळा, दोन्ही चाकांचा आऊट काढा, हबचा प्ले बघा, क्रँकचे बोल्ट घट्ट करा. बोल्टचं मुद्दाम सांगा. तो सैल राहून क्रँक हलायला लागला की त्याचं चौकोनी भोक गोल होतं, आणि मग बोल्ट कितीही आवळला तरी क्रँक बदलावाच लागतो.